होळीला जमलेली गुळवणी बेंदराला का फाटते? गूळ, दूध आणि ‘शुद्धतेच्या चाचणी’मागचं शास्त्र

बेंदराचा दिवस. बैलांची शिंगं रंगवून झालीत. पुरण वाटून तयार आहे, कणीक मळून झाकून ठेवलीये. गॅसवर गुळाचं पाणी खळखळ उकळतंय आणि त्यात गरम दूध ओतलं जातं. दोनच मिनिटांत पातेल्यात पांढरे कण तरंगू लागतात. खाली पिवळसर पाणी, वर चोथा. गुळवणी फाटली.

मग घरात एकच चर्चा सुरू होते. “गूळच भेसळीचा निघाला.” कोणीतरी लगेच मोबाईल काढून रील दाखवतं: दुधात गूळ टाका, दूध फाटलं तर गूळ खोटा, नाही फाटलं तर शुद्ध. गल्लीतल्या दुकानदाराचं नाव दिवसभर खराब होतं. ज्या बाईने सकाळपासून स्वयंपाकघरात घाम गाळला तिचं अर्धा लिटर दूध वाया जातं ते वेगळंच.

गंमत अशी की याच घरात, याच दुकानातून आणलेल्या गुळाची गुळवणी होळीला छान जमली होती. मग मधल्या तीन-चार महिन्यांत काय बिघडलं? दूध फाटणं हा खरंच भेसळीचा पुरावा आहे का? आणि गुळवणी फाटू नये म्हणून काय करायचं? समजून घेऊया.

हुपरी आणि गूळ: संबंध काय?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं हुपरी महाराष्ट्राला माहीत आहे ते चांदीसाठी. इथले पैंजण देशभर जातात. पण गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस दिसतो. हुपरी-यळगूडचा जवाहर साखर कारखाना याच पट्ट्यातला. साखर कारखाने येण्याच्या आधीपासून हा ऊस गुऱ्हाळात जायचा आणि त्याचा गूळ व्हायचा.

कोल्हापूरच्या गुळाची बाजारपेठही जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा मिळाली. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला.

त्यामुळे या भागात गोड पदार्थावर काहीतरी ओतून खायचं म्हटलं की चॉकलेट सॉसच्या कितीतरी आधी दोन गोष्टी आठवतात: काकवी आणि गुळवणी.

गुळवणी म्हणजे नेमकं काय?

नाव सोपं आहे. गुळाचं पाणी, म्हणून गुळवणी. गूळ पाण्यात विरघळवून उकळायचा, त्यात दूध किंवा नारळाचं दूध घालायचं, वेलदोडा आणि जायफळ लावायचं. काही घरांत सुंठ असते. काही ठिकाणी दाटपणासाठी तांदळाची पिठी लावतात. पुरणपोळी यात बुडवून किंवा कुस्करून खातात.

हॉटेलच्या मेन्यूत ज्याला ‘डेझर्ट सॉस’ म्हणतात, त्याचं काम हेच असतं. कोरड्या गोड पदार्थाला ओलावा द्यायचा आणि चवीत भर घालायची. कॅरेमल सॉसमध्ये साखर जाळून तिला खमंगपणा आणावा लागतो. गुळात तो आधीच असतो, कारण उसाचा रस काहिलीत तासन्‌तास आटलेला असतो. म्हणून गुळवणीला साहित्य कमी लागतं आणि वेळही. अडचण एकच, दूध.

दूध फाटतं तेव्हा आत काय होतं?

दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. त्याचे अतिसूक्ष्म गोळे दुधात तरंगत असतात. या गोळ्यांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि एकमेकांना चिकटत नाहीत. दूध एकसंध दिसतं ते यामुळे.

दुधात आंबट काही पडलं की हा भार कमी होतो. गोळे एकमेकांना चिकटतात आणि पाण्यापासून वेगळे होतात. पनीर करताना आपण लिंबू पिळून हेच मुद्दाम घडवतो.

ताज्या दुधाचा सामू, म्हणजे पीएच, साधारण 6.6 ते 6.7 असतो. सामू 7 च्या खाली जितका जातो तितका आंबटपणा वाढतो. नेहमीच्या तापमानाला केसीन पूर्ण वेगळं व्हायला सामू 4.6 च्या आसपास यावा लागतो. पण दूध उकळतं असेल तर इतका आंबटपणा लागत नाही. सामू थोडा जरी घसरला तरी काम बिघडतं.

गूळ चवीला गोड असला तरी तो किंचित आम्लधर्मी असतो, कारण उसाच्या रसातच नैसर्गिक आम्लं असतात. शिवाय गुळात कॅल्शियमसारखी खनिजं असतात. तीही गरम दुधातल्या केसीनला एकत्र यायला मदत करतात.

म्हणजे आम्ल, खनिजं आणि उष्णता असे तीन घटक एकत्र आले की दूध फाटतं. भेसळ यात कुठेही असण्याची गरज नाही.

मग होळीला का नाही फाटली?

याचं उत्तर गुऱ्हाळाच्या हंगामात आहे. कोल्हापूर भागात गुऱ्हाळं साधारण दिवाळीच्या आगेमागे पेटतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत चालतात. होळी येते फाल्गुन पौर्णिमेला. त्या वेळी बाजारात ताजा, कोरडा गूळ असतो.

बेंदूर येतो पावसाच्या तोंडावर. शेजारच्या इचलकरंजीत कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमाराला असतो, तर महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात. तोवर हंगाम संपून काही महिने झालेले असतात. घरातला किंवा दुकानातला गूळ तेवढे महिने जुना असतो आणि हवेत दमटपणा वाढलेला असतो.

गूळ हवेतलं पाणी पटकन ओढून घेतो. पावसाळ्यात ढेपेला पाझर फुटतो आणि ती मऊ पडते, ते यामुळेच. पाणी सुटलेल्या गुळात सूक्ष्मजीवांना वाढायला वाव मिळतो. तो हळूहळू आंबू लागतो आणि त्याचा आम्लपणा वाढतो. नाकाला वास येण्याआधीच हा बदल सुरू झालेला असू शकतो.

मूळ गूळ कसा तयार झाला यानेही फरक पडतो. ऊस तोडून बराच वेळ पडून राहिला असेल तर त्याच्या रसात आम्ल वाढतं. रसाचा आम्लपणा मारण्यासाठी गुळव्या त्यात चुना घालतो. तो कमी पडला तर गूळ जास्त आम्लधर्मी होतो. एकाच गावातल्या दोन गुऱ्हाळांचा गूळ दुधात वेगवेगळा वागतो, त्याचं हे कारण.

दुधाचाही वाटा असतो. सकाळी आणलेलं दूध दुपारपर्यंत बाहेर राहिलं तर त्याचा सामू आधीच खाली आलेला असतो. नुसतं तापवलं तर ते टिकेल, पण गुळाचा स्पर्श झाला की फाटेल.

रील्समधली ‘दूध चाचणी’ किती खरी?

या चाचणीने दोन्ही बाजूंनी फसगत होते.

पहिली बाजू: चांगला, कोणतंही रसायन न घातलेला गूळ उकळत्या दुधात टाकला तर दूध फाटू शकतं. कारण वर आलंच आहे.

दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. गुळात सोडा जास्त घातला असेल तर त्याचा आम्लपणा कमी होतो. असा गूळ दुधात टाकला तर दूध फाटणार नाही. म्हणजे ज्या गुळात बाहेरून जास्त काही घातलंय, तोच या चाचणीत ‘शुद्ध’ ठरू शकतो.

थोडक्यात, दूध फाटलं म्हणून गूळ खोटा ठरत नाही आणि न फाटलं म्हणून खरा ठरत नाही. ही चाचणी फक्त एवढंच सांगते की हा गूळ आणि हे दूध या तापमानाला एकत्र नांदतात की नाही.

मग गुळात काळजी कशाची करायची?

रंगाची, आणि तीही उलट्या दिशेने. गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ आवडतो. बाजारात अशा गुळाला उठाव असतो. म्हणून काही ठिकाणी रस आटताना सोडियम हायड्रोसल्फाइट, बोलीभाषेत ‘हायड्रोस’, वापरतात. त्याने रंग उजळतो. पण हा उजाळा टिकत नाही. काही काळाने गूळ पुन्हा काळवंडतो आणि त्यात गंधकयुक्त घटकांचे अंश उरतात. अन्नपदार्थांत अशा घटकांवर अन्नसुरक्षा नियमांत मर्यादा घातलेली आहे. दम्याच्या काही रुग्णांना या सल्फाइट घटकांचा त्रास होऊ शकतो.

पारंपरिक पद्धतीत रसातली मळी काढण्यासाठी भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरतात. मळी त्याला धरून वर येते आणि झाऱ्याने काढून टाकतात. असा गूळ बहुधा तपकिरी किंवा गडद सोनेरी दिसतो.

हुपरीत चांदी कोणी नुसत्या चकाकीवर घेत नाही. टंच काढतात, म्हणजे धातूत खरी चांदी किती ते तपासतात, आणि मगच भाव ठरतो. गुळाच्या बाबतीत मात्र आपण चकाकीलाच भाव देतो. गडद गूळ घेणारं गिऱ्हाईक वाढलं तर हायड्रोस न वापरणाऱ्या गुऱ्हाळवाल्याला त्याच्या मालाचा दाम मिळेल.

घरी काय बघता येईल? फार उजळ, पांढुरक्या पिवळ्या रंगाचा गूळ टाळा. एक तुकडा चाखा. खारट किंवा आंबट लागला तर तो दुधात घालू नका. थोडा गूळ काचेच्या ग्लासात पाण्यात विरघळवून ठेवा. तळाशी पांढरा साका बसला तर शंका घ्यायला जागा आहे. पक्कं उत्तर मात्र प्रयोगशाळेतच मिळतं. भेसळीचा संशय असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

न फाटणारी गुळवणी कशी करायची?

चार-पाच जणांसाठी साहित्य:

- चिरलेला गूळ: 200 ग्रॅम
- पाणी: दीड कप
- तापवून पूर्ण गार केलेलं दूध: 1 कप
- तांदळाची पिठी: 1 छोटा चमचा (ऐच्छिक)
- वेलदोड्याची पूड: पाव चमचा
- किसलेलं जायफळ: चिमूटभर
- मीठ: चिमूटभर

कृती:

1. गूळ आणि पाणी एकत्र करून मंद आचेवर ठेवा. गूळ पूर्ण विरघळला की गॅस बंद करून गाळून घ्या. कितीही चांगला गूळ असला तरी चिपाडाचे कण आणि बारीक कचरा निघतोच.

2. गाळलेलं पाणी पुन्हा गॅसवर ठेवून 5 ते 6 मिनिटं उकळा.

3. पिठी लावायची असेल तर ती आधी दोन चमचे गार पाण्यात कालवा. थेट गरम पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात. कालवलेली पिठी उकळत्या गुळाच्या पाण्यात घालून दोन-तीन मिनिटं ढवळा. कच्ची चव गेली पाहिजे.

4. वेलदोडा, जायफळ आणि मीठ घाला. गॅस बंद करा.

5. आता थांबा. हीच पायरी बहुतेक वेळा चुकते. पातेल्याला हात लावता येईल इतकं गार होऊ द्या. कोमट ठीक आहे, वाफाळतं नको.

6. गार दूध बारीक धारेने घालत ढवळा. यानंतर गुळवणी पुन्हा उकळायची नाही.

यात केलं एवढंच की फाटण्याच्या तीन घटकांपैकी उष्णता बाजूला काढली. आम्ल आणि खनिजं गुळात राहणारच. पण कोमट मिश्रणात केसीनचे गोळे सहसा सुटे राहतात.

जुना गूळ असेल आणि खात्री वाटत नसेल तर आधी वाटीत बघा. दोन चमचे गुळाचं पाणी, एक चमचा दूध. पाच मिनिटांत कण दिसले नाहीत तर पुढे चला. कण दिसले तर त्या दिवशी बिनदुधाची गुळवणी करा. वेलदोडा-जायफळ लावलेलं दाटसर गुळाचं पाणी आणि वर साजूक तूप, हेही पुरणपोळीसोबत छान लागतं.

सणाच्या दिवशी घाई असेल तर?

आदल्या दिवशी फक्त गुळाचा पाक करून ठेवा. दुधाशिवायचं हे गुळाचं पाणी झाकून फ्रिजमध्ये ठेवलं तर दोन-तीन दिवस आरामात राहतं. जेवायला बसताना लागेल तेवढ्याच पाकात दूध मिसळा. दूध घातलेली गुळवणी उरली तर फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा आणि गरम करू नका.

सोड्याचं काय? चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की गुळवणी फाटत नाही, असा सल्ला अनेक घरांत दिला जातो. तो चुकीचा नाही, कारण सोडा आम्लपणा कमी करतो. पण चिमूट थोडी मोठी झाली तरी चव खारट, साबणासारखी होते. दूध गार घातलं तर सहसा सोड्याची गरज पडत नाही.

तरीही फाटलीच तर?

फेकू नका. दूध ताजं होतं आणि गूळ आंबलेला नव्हता तर फाटलेली गुळवणी खायला सुरक्षित असते. पांढरा चोथा म्हणजे गोड पनीरच. तो गाळून घ्या, पोळीवर घालून खाता येतो. उरलेलं पाणी पूर्ण गार करा आणि थोडं गार दूध घालून बघा. चोथ्यासकट मिक्सरमधून एकदा फिरवली तरी कण बरेच मोडतात.

काकवी वापरली तर चालेल?

काकवी म्हणजे गूळ घट्ट होण्याआधी काहिलीतून काढलेला दाट रस. साधारण 105 अंश सेल्सिअसच्या आसपास रस उतरवला तर काकवी मिळते. तोच पुढे 118 अंशांपर्यंत नेला तर थंड झाल्यावर ढेप बांधता येते.

पोळीवर, घावनावर किंवा भाकरीवर घ्यायला काकवी उत्तम. दुधात घालताना मात्र जपून. काकवीत साखरेचे खडे बसू नयेत म्हणून तिच्यात सायट्रिक आम्ल घालण्याची पद्धत आहे. हेच आम्ल लिंबात असतं. त्यामुळे बाटलीतल्या काकवीने दूध फाटण्याची शक्यता जास्त. लेबल वाचा आणि आधी वाटीत करून बघा.

आइस्क्रीमवर घालायला दाट सॉस हवा असेल तर?

150 ग्रॅम गूळ 50 मिलिलिटर पाण्यात विरघळवून गाळा. जाड बुडाच्या भांड्यात मध्यम आचेवर आटवा. चमच्यावरून पडणारी धार जड वाटू लागली की गॅस बंद करा. एक चमचा लोणी घाला, दोन-तीन मिनिटं थांबा. मग 100 मिलिलिटर कोमट फ्रेश क्रीम थोडं थोडं घालत ढवळा. चिमूटभर मीठ टाका. थंड झाल्यावर सॉस आणखी दाट होतो, म्हणून भांड्यात पातळ दिसला तरी जास्त आटवू नका.

इथे दुधाऐवजी क्रीम घ्यायचं कारण तेच केसीन. क्रीममध्ये स्निग्धांश जास्त आणि प्रथिनं दुधापेक्षा कमी असतात, त्यामुळे ते गरम गुळात दुधापेक्षा जास्त तग धरतं.

हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि कातडीला चिकटतो. क्रीम घालताना तो फसफसून वर येतो, म्हणून भांडं खोल घ्या आणि लहान मुलांना दूर ठेवा. भाजलंच तर त्या जागेवर 20 मिनिटं नळाचं गार पाणी सोडा. बर्फ, हळद किंवा टूथपेस्ट लावू नका. फोड मोठा असेल तर डॉक्टरांना दाखवा.

गूळ आहे म्हणून कितीही चालेल का?

नाही. वर दिलेल्या प्रमाणात पाच वाट्या गुळवणी केली तर प्रत्येकाच्या वाटणीला 40 ग्रॅम गूळ येतो. गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार अशी वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी. रोज 2000 कॅलरी घेणाऱ्या माणसासाठी ही मर्यादा साधारण 50 ग्रॅम होते. म्हणजे एका वाटीत दिवसाचा मोठा वाटा संपतो आणि पुरणातला गूळ अजून मोजलेलाच नाही.

गुळात थोडी खनिजं असतात हे खरं. पण मधुमेह असलेल्यांसाठी तो साखरेला सुरक्षित पर्याय ठरत नाही. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने, अर्धी वाटी की चमचाभर, हे ठरवावं. दोन वर्षांखालच्या मुलांना साखर किंवा गूळ घातलेले पदार्थ टाळलेलेच बरे.

तर लक्षात काय ठेवायचं?

गुळाचं पाणी आधी पूर्ण उकळा, कोमट होऊ द्या, मग गार दूध घाला आणि पुन्हा उकळू नका. जुना किंवा पाझर फुटलेला गूळ असेल तर वाटीत चाचणी करा. गूळ घेताना चकाकीला भुलू नका.

आणि पुढच्या बेंदराला गुळवणी फाटलीच, तर दुकानदाराला भेसळखोर ठरवणारी रील फॉरवर्ड करण्याआधी एक प्रश्न विचारा: दूध घातलं तेव्हा गॅस चालू होता का?